चळत रचल्याबिगर उठायचं नाय

शेंद्रा एमआयडीसीतल्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत आम्ही पॅकिंगचे लाकडी ठोकळे रचून खेळायचो. ज्याच्या हातानं चळत ढासळली, तो मेला. त्यानं आडवं पडायचं. चळत पुन्हा उभी राहीपर्यंत उठायचं नाय.

त्या दिवशी आमच्यातल्या सांडूनं चळत पाडली. गडी जीभ बाहेर काढून झकास मेला.

आम्ही रचायला लागलो. वारा नव्हता, तरी वरचा ठोकळा दर वेळी घसरायचा.

"उठ सांड्या, भोंगा वाजंल."

"उठताच येईना गड्या." त्याचे ओठ निळे पडले होते. "लवकर रचा."

कडूबानं श्वास रोखून शेवटचा ठोकळा ठेवला. चळत टिकली. "जिता झाला!" आम्ही ओरडलो.

सांडू उठला. आमच्या पायांपाशी बघून किंचाळला, "अरं, तुमी समदे का आडवे पडले?"

आम्ही तर उभेच होतो.