एक वीत अलीकडे

"पुन्हा तिथूनच. उजव्या अंगानं," व्हर्लन स्टकी म्हणाला.

अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याचा शेवटचा डाव सुरू व्हायचा होता. स्टकीचं कॉलेज एका गुणानं पुढे होतं आणि चेंडू त्याच्या पोरांकडे होता.

"कोच, मघापासून तिथूनच जातोय," ओडेल धापा टाकत म्हणाला. चेंडू छातीशी धरून पळायचं काम ओडेलचं. "त्यांना कळलंय आता."

"कळू दे. लाइकर, नसेल कळलं कोणाला तर जाऊन सांग."

लाइकर म्हणजे ओडेलच्या पुढे उभ्या राहणाऱ्या पाच डोंगरांपैकी मधला. व्यायामशाळेच्या काट्यावर त्याचं वजन मावेना, म्हणून गव्हाच्या गोदामात ट्रकच्या काट्यावर उभं केलं, तर काटेवाला आतूनच ओरडला, "आधी ट्रॉली सोडून ये!" पश्चिम कॅन्ससमध्ये हे कोणालाही विचारा. बाकीचे चौघे त्याच्याहून थोडे लहान. म्हणजे दारातून आडवे होऊन आत यायचे.

लाइकर खरंच पुढे गेला आणि समोरच्या पोरांना गोड आवाजात म्हणाला, "दादांनो, माझ्या उजव्या हाताला येतोय. कोणाला घरची आठवण येत असेल तर आत्ताच बाजूला व्हा."

मैदानाच्या समोरच्या कडेला त्यांचा कोच रँडल प्रुइट उभा होता. याच प्रुइटनं स्टकीला आपल्या कॉलेजातून हाकललं होतं, तेही भर मेजवानीत, सगळ्यांच्या बायकांदेखत. "तुझे बैल खाटकाला दे, व्हर्लन. आता जमाना हरणांचा आहे." हरणं त्यानं खरोखरच जमवली होती. चेंडू हातात आला की डोळ्याचं पातं लवायच्या आत मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. फक्त चेंडू हातात यायला हवा.

तो येईना. चार झटक्यांत दहा यार्ड सरकलं की चेंडू आपल्याकडेच राहतो, आणि स्टकीची पोरं सरकत होती. पूर्वी प्रत्येक जण आपल्यासमोरचा गडी धरून ढकलायचा. स्टकीनं ते मोडलं. पाचही जणांनी एकाच वेळी, एकाच अंगाला पाऊल टाकायचं. वाटेत जो येईल तो आपला. भिंतच चालायला लागली तर धरायचं कोणाला? प्रुइटची पोरं पाठीवर पडत, उठत, पुन्हा पडत. भिंतीच्या आडून ओडेल तीन यार्ड जाई, चार यार्ड जाई, आणि घड्याळ चालत राही.

"जरा पळ की रे!" प्रेक्षकांतून कोणी ओरडलं.

"कशाला?" स्टकी स्वतःशीच म्हणाला. "घाई कोणाला आहे?"

बाकावर हरणं अंगावर कांबळी घेऊन बसली होती. एकानं बुटाचे बंद सोडून पुन्हा बांधले. दुसरा जांभई देत होता. अख्खा डाव त्यांनी असाच बसून काढला.

गोलरेषा हाकेच्या अंतरावर आली, तेव्हा घड्याळात मिनिटभर उरलं होतं. खेळ थांबवण्याच्या प्रुइटच्या सवलती केव्हाच संपल्या होत्या. आता त्याला एकच आशा होती. गोलरेषा ओलांडून गुण घेतले की चेंडू समोरच्याला द्यावा लागतो.

"सोडा!" तो आपल्याच पोरांवर ओरडला. "वाट सोडा! आत जाऊ द्या त्याला!"

पोरं बाजूला झाली. ढकलायला कोणी नाही म्हटल्यावर लाइकर तोल जाऊन एकटाच आडवा झाला. ओडेलपुढे मोकळं मैदान. त्या हंगामात त्याला एकदाही गोलरेषा ओलांडता आली नव्हती. वरच्या पायऱ्यांवर त्याची आई उभी राहून रुमाल फिरवत होती, "जा रे माझ्या राजा! जा!"

ओडेल पळाला. रेषेपाशी आला. मान वळवून त्यानं एकदा स्टकीकडे पाहिलं.

स्टकीनं तळहात जमिनीकडे केला.

रेषेच्या एक वीत अलीकडे ओडेल गुडघ्यावर बसला. गुडघा टेकला की झटका तिथेच संपतो, चेंडू आपल्याकडेच राहतो, आणि घड्याळ चालत राहतं. चेंडू मांडीवर, जणू कोणाचं तरी तान्हं सांभाळतोय. आईचा रुमाल हवेतच थांबला.

"अरे, जा ना!" प्रुइट धावत मैदानात शिरला. पंचानं त्याला दंडाला धरून मागे ओढलं. "व्हर्लन! सांग त्याला! घे ना गुण, घे! अरे, पाया पडतो तुझ्या!"

अख्खं मैदान चिडीचूप झालं होतं. घड्याळात थोडे क्षण अजून होते.

स्टकीनं टोपी मागे सारली आणि ऐकू येत नसल्यासारखा कानामागे हात धरला.

"काय म्हणालास, रँडल? जरा मोठ्यानं बोल. वारं फार आहे रे."

मैदानाच्या टोकाला झेंडा काठीला चिकटून लोंबत होता.