दुसरा झेंडा

होडीचं इंजिन चालू ठेवून आत्माराम किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांच्या तीन मनोऱ्यांकडे बघत होता. कोणी बुडताना दिसलं की चढवायचा लाल झेंडा फक्त मधल्यावर चढला होता. दोन चढल्याशिवाय होडी सोडायची नाही, हा किनारा समितीचा नियम. एकाच झेंड्यावर विसंबून होडी वाहत आलेल्या नारळामागे धावली आणि पर्यटक खदाखदा हसले, तेव्हापासूनचा.

"सोडा ना होडी! भाऊ आहे माझा!" एक मुलगी त्याचा हात ओढत होती.

"दुसरा झेंडा चढू दे, ताई."

चढलाच नाही. शेवटी नियम मोडून तो गेला, तेव्हा पाण्यावर नुसती टोपी तरंगत होती.

संध्याकाळी त्याने डाव्या मनोऱ्यावरच्या इकबालला विचारलं, "तुला दिसला नाही?"

"हात दिसल्यासारखा वाटला. पण खात्री नव्हती. म्हटलं, खरंच कोणी असेल तर सदू चढवेलच झेंडा."

उजव्या मनोऱ्यावरचा सदू आपला झेंडा गुंडाळत होता. "मी तुझ्या झेंड्याकडे बघत होतो," तो इकबालला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी समिती बसली. पुन्हा असं घडू नये म्हणून चौथा मनोरा मंजूर झाला.

"आणि झेंडे किती लागणार?" आत्मारामने विचारलं.

"आता तीन," अध्यक्ष म्हणाले.