ओले कोपरे

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या एका चॅरिटी शॉपमधून केतकीने शनिवारी सकाळी जुन्या पुस्तकांचा खोका घरी आणला. आत सगळी सरमिसळ होती. केकच्या पाककृती, एक जाडजूड खूनकथा, रेल्वेचा इतिहास, कविता, शिवाय गुलाबांची निगा. इतकं सगळं वाचणाऱ्या आधीच्या मालकाचं तिला मोठं कौतुक वाटलं.

हॉलमध्ये बसून तिने पाककृती उघडल्या. पानाचा खालचा कोपरा बोटाला ओला लागला. कुणीतरी बोट थुंकीने भिजवून पान उलटलं असावं, तसा. तिला शिसारी आली. पुस्तक बाजूला टाकून तिने खूनकथा घेतली. तिचेही कोपरे ओले होते, आणि कोमट.

"अंशुमन, यातलं काही वाचलंस का तू?" तिने नवऱ्याला विचारलं.

"मी खोक्याला हातही लावला नाही गं," तो किचनमधून म्हणाला.

तिने कविता उघडल्या. पहिली बारा पानं भिजलेली, पुढची कोरडी. ती बघत असतानाच तेराव्या पानाचा कोपरा हळूहळू ओला झाला. शिळ्या तोंडाचा भपकारा आला.

पुस्तक तिथेच टाकून ती किचनमध्ये धावली.

"काय झालं?" अंशुमनने विचारलं.

तिने साबणाने तीनदा हात धुतले आणि बोटं एकेक करून कोरडी पुसली.

तेवढ्यात तिच्या तर्जनीवरून एक खरखरीत, कोमट जीभ सावकाश फिरली.

हॉलमध्ये पान उलटल्याचा आवाज आला.