पहिला हात

घळ तशी सोपी. बेंबळीच्या रस्त्यावरून खाली उतरलं की कोरड्या वाळूतून चालत राहायचं, ना चढ ना अडचण. लहान लेकरूही अर्ध्या तासात कोरीव कातळापाशी पोचतं. पाडव्याच्या सकाळी बलभीम आणि इंद्रजित हे सख्खे भाऊ तेवढ्या वाटेत एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. मागून त्यांची आई तुळजाबाई धापा टाकत येत होती, कारण पोरं शर्यत लावल्यासारखी चालत होती.

कातळावर पुरुषभर उंचीचा वीर कोरलेला आहे. हातात तलवार, पायाशी गायींची रांग. किती जुना, कोण जाणे. शेंदराच्या थरांखाली त्याचे नाकडोळेही उरलेले नाहीत. दर पाडव्याला शेंदराचा पहिला हात लावायचा मान या घराचा. एका साली थोरल्याचा, एका साली धाकट्याचा. चुना लावलेल्या दगडांच्या अलीकडंच बायकांनी थांबायचं.

गेल्या साली पाळी बलभीमची होती. पण पाडव्याच्या चार दिवस आधी बाप गेला, घराला सुतक लागलं आणि शेंदूर राहिला. मग यंदा पाळी कुणाची? एवढ्याशा प्रश्नावरून वर्षभरात घरात दोन चुली झाल्या आणि दोनदा पोलीस ठाण्याची पायरी चढून झाली. दोघंही शिकलेले, त्यामुळं भांडण मोठं मुद्देसूद.

"माझी पाळी सुतकानं खाल्ली," बलभीम म्हणाला. "ती मला मिळाली पायजे. माझा हक हाय."

"गेली ती गेली," इंद्रजितनं शेंदराची वाटी खाली ठेवली. "साल काय थांबतंय व्हय तुझ्यासाठी? यंदा माझी."

"बघ की वीराकडं. दोन सालं कुनाचा हात लागला न्हाय, तरी कसा लालभडक हाय. माझीच वाट बघतोय त्यो."

"थांबा रं," तुळजाबाई चुन्याच्या दगडांपाशी येऊन म्हणाली. "माझं जरा ऐका. गेल्या साली..."

"माय, तू तिथंच थांब!" दोघं एकदम ओरडले. वर्षभरात तेवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचं एकमत झालं.

ती थांबली. थांबायची तिला सवय होती.

तेवढ्यात इंद्रजितनं वाटीत पंजा बुडवला आणि वीराच्या छातीवर टेकवला. बलभीमच्या हातात नारळ सोलायला आणलेला कोयता होता. पहिला घाव मनगटावर बसला. हाड तोडून पातं कातळावर आदळलं, ठिणगी उडाली, शेंदराची एक जाड खपली खाली पडली. इंद्रजित ओरडलासुद्धा नाही. "दादा," एवढंच म्हणाला. दुसरा घाव गळ्यावर बसला. कातळाला पाठ घासत तो खाली बसला, आणि बसल्या जागी कलंडला. मरायला त्याला फार वेळ लागला नाही.

तुळजाबाई दगड ओलांडून धावली. तिनं पोराचं डोकं मांडीवर घेतलं, गळ्याला पदर दाबून धरला. पदर भिजला, लुगडं भिजलं, खालची वाळू भिजली. मग तिनं दाबणं सोडून दिलं.

"माझी पाळी होती," बलभीम कोयता घेऊन तसाच उभा होता. "माय, तू सांग. माझीच होती का न्हाय?"

ती उठली. वीराच्या खांद्यावर वाळलेल्या शेंदरात एका लहानशा पंजाची खूण होती, आजवर कुणाच्या नजरेत न आलेली. तिनं आपला रक्तानं माखलेला हात त्या खुणेवर ठेवला. बोटाला बोट बरोबर बसलं.

"तुझी पाळी बुडू नये म्हनून," ती म्हणाली, "गेल्या साली सुतकात एकलीच आले. म्या लावला, बलभीमा. तुझ्या नावानं."