बिनशिट्टीचा कुकर

शैलेंद्रनं हात लावून झाकण उचललं. कुकर थंडगार होता. आत चिकन, मक्याचे दाणे, डबाबंद काळा राजमा आणि लालभडक साल्सा सकाळी जसे एकावर एक रचले होते तसेच, ओळखपाळख नसलेल्या पाहुण्यांसारखे बसून होते. भिंतीवरचं बटण बंद होतं. सकाळच्या घाईत प्रमिला ते दाबायलाच विसरली असणार.

हा विजेवरचा कुकर समोरच्या बिल्डिंगमधल्या अमेरिकन कुटुंबाकडून आला होता. मंदीच्या त्या हिवाळ्यात अर्धी दुबई सामान विकून घरी निघाली होती. प्रमिलानं तो दोन्ही हातांनी पोटाशी धरून आणला होता. "सकाळी सगळं टाकायचं, बटण दाबायचं नि कामावर जायचं. संध्याकाळी टेक्स-मेक्स चिकन आयतं तयार! नवराबायको दोघं नोकरी करणारे असले की हाच पाहिजे." तेव्हा शैलेंद्रला जोरदार ठसका लागला होता.

कारण त्याची नोकरी त्याआधीच गेली होती. टॉवर अर्ध्यावर थांबला, क्रेन जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि साहेबानं "खलास, हबीबी," म्हणत इतक्या प्रेमानं हात हातात घेतला, की शैलेंद्र त्याला थँक्यू म्हणून बाहेर पडला. घरी मात्र त्यानं अवाक्षर काढलं नव्हतं. रोज सकाळी टाय बांधायचा, डबा घ्यायचा, लेकीला, ओवीला स्कूलबसमध्ये बसवायचं, प्रमिला क्लिनिकच्या वाटेला लागली की करामाच्या बाजारात एक फेरी मारायची आणि मागल्या पावली घरी. दुपारी ऑफिसच्याच वेळेला तो जेवायच्या टेबलाशी बसून, टाय न सोडता डबा खायचा. मग करायला काहीच नसे, म्हणून डबा घासून पुसून ठेवायचा.

रोज रात्री तो ठरवायचा, आज सांगायचंच. पण प्रमिला समोर आली की तो ओवीच्या अभ्यासाचं काढून बसायचा. ती ओरडेल याची भीती नव्हती. ती ओरडणार नाही, नुसता चेहरा एवढासा करून बसेल, याची होती. तो चेहरा त्याला बघवला नसता.

आता मात्र आधी चिकनचं बघायला हवं होतं. स्वयंपाकघरातून वास का येत नाही, हे त्याच्या लक्षात यायलाच दुपार झाली होती. बटण आत्ता दाबलं तर हा संथ कारभार रात्रीशिवाय उरकत नाही. न दाबावं तर ओवी उपाशी आणि प्रमिलाच्या नव्या कौतुकाचा पहिल्याच दिवशी विचका. शैलेंद्रला चहापलीकडे काही येत नव्हतं. तरी त्यानं शर्टाच्या बाह्या दुमडल्या, फडताळातून घरचा जुना प्रेशर कुकर ओढून काढला, सगळा ऐवज त्यात ओतला आणि गॅस पेटवला.

पहिली शिट्टी अशी किंचाळली, की तोच दचकला. दुसरीला दारावरची बेल वाजली.

"प्रमिला? घर पे है क्या?" दाराबाहेर शेजारच्या हव्वाबी होत्या.

शैलेंद्र ओट्याखाली बसला. तिसरी शिट्टी झाली. गॅस बंद करावा म्हणून तो रांगत पुढे सरकला, तर टाय गुडघ्याखाली सापडून मान खाली ओढली गेली. तेवढ्यात चौथी झाली.

"अरे, घर में कोई है क्या?" हव्वाबींनी पुन्हा विचारलं, जरा वेळ वाट पाहिली आणि त्या निघून गेल्या.

मग त्यानं गॅस बंद केला, ते चिकन परत अमेरिकन कुकरमध्ये ओतलं, बटण दाबलं, जुना कुकर घासून जागच्या जागी ठेवला आणि खिडक्या उघडून वास घालवला. संध्याकाळी, ओवी आणि प्रमिला यायच्या आत, टाय सारखा करून तो बाहेर पडला आणि सगळ्यांत शेवटी, दमल्यासारखा घरी आला.

"ममा, धिस इज ऑसम!" ओवी टॉर्टियाच्या पोळीची गुंडाळी दोन्ही हातांत धरून म्हणाली.

"कमाल आहे नाही या कुकरची!" प्रमिला म्हणाली. "चिकन कसं लोण्यासारखं झालंय."

"अमेरिकन माल आहे," शैलेंद्र म्हणाला.

"दुपारी क्लिनिकमध्ये हव्वाबींचा फोन आला होता. म्हणे, तेरे घर में सीटी बज रही है."

शैलेंद्रचा घास तोंडातच फिरला. "वरच्या मजल्यावरची असेल. आपल्या या कुकरला शिट्टी आहेच कुठे?"

"तेही खरंच," म्हणत तिनं त्याच्या ताटात आणखी चिकन वाढलं.

ओवी हात धुऊन टीव्हीकडे पळाली. प्रमिलानं ताटं उचलता उचलता आवाज खाली आणला. "बटण मी सकाळी मुद्दामच दाबलं नव्हतं."

रोज रात्री घोकलेलं वाक्य शैलेंद्रला आठवेना. "तुला कसं कळलं?" त्यानं विचारलं.

"आपलं लग्न झाल्यापासून तू डबा कधी नुसता विसळूनही आणला नाहीस. हल्ली रोज चकचकीत घासलेला येतोय. ऑफिसात एवढा वेळ मिळतो होय कुणाला?"

त्याला हसू आलं आणि डोळेही भरून आले. त्यानं भीत भीत वर पाहिलं. तिचा चेहरा एवढासा झाला नव्हता. ती थोडी दमलेली दिसत होती, बस. तिनं फडताळातला कोरड्या राजम्याचा डबा उघडला, दोन मुठी राजमा पातेल्यात घेतला आणि वर पाणी सोडलं.

"हा उद्यासाठी भिजत घालतेय," ती म्हणाली. "पाच शिट्ट्या काढ. आणि हव्वाबी आल्या तर दार उघड."