एप्रनच्या खिशातले रंग

सिस्टर दमयंतीबाईंनी नवे हातमोजे चढवले, नवी सुई काढली आणि एप्रनच्या खिशातून साखर मोजायचं यंत्र घेतलं. पाच वर्षांच्या ईराने बोट पुढे केलं, तशी तिची आई शाल्मली चटकन म्हणाली, "सिस्टर, आधी दिवा लावा ना."

"अहो, आत्ताच पुसलंय यंत्र! तुम्ही आया म्हणजे डोळ्यांत तेल घालूनच बसता." तरी त्यांनी दिवा लावला. त्या दिव्याखाली डोळ्यांना न दिसणारं रक्तही ज्याच्या त्याच्या रंगात उजळायचं.

यंत्राच्या कडेला निळा ठिपका चमकला. शाल्मलीने ईराचं बोट मागे ओढलं. सिस्टरनी खाली पाहिलं, तर त्यांचा खिसाच पेटला होता. निळा, जांभळा, शेंदरी, सोनेरी. वॉर्डातल्या चार खाटांवरच्या पेशंटांचं रक्त तिथे रांगोळी सांडल्यासारखं झळाळत होतं. तिघीही बघतच राहिल्या.

"पुसून मी परत खिशातच टाकत होते गं बाई," सिस्टर पुटपुटल्या.

एप्रन उतरला. यंत्र पुन्हा पुसून सुकू दिलं, हातमोजे आणि सुईही बदलली. मग ईराच्या बोटावर थेंब उगवला, कोवळा पोपटी, एकटाच, निर्भेळ.

"आई, ही मी?"

शाल्मलीने हसून मान डोलावली.