चंद्राबायची पेटी

"आये, तुझी पेटी घेऊ?" हरेशने विचारलं. घरी बिअर करायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं होतं. मोड आणून भरडलेले सातू गरम पाण्यात मुरवायला ऊब धरणारी पेटी हवी होती, आणि त्याने विकत आणलेली नवी पेटी बघता बघता गार पडत होती.

चंद्राबाय गुडघे चोळत होती. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तिची बर्फ टिकवणारी जाड मासळीची पेटी मोरीत पालथी पडली होती. बाजारातल्या जागेवर जावेला बसवताना "बरी झाले की येते" असं ती सांगून आली होती. एकदा या पेटीत बिअरचे सातू मुरले, की पुन्हा मासळी भरता येणार नव्हती.

"ने," ती म्हणाली. "मी कुठं जातेय आता!"

हरेशने चिंच लावून पेटी घासली, बर्फाचं पाणी जायच्या भोकाला तोटी बसवली, सातू नि कढत पाणी भरून झाकण लावलं आणि तो आंघोळीला गेला.

चंद्राबाय सवयीने पेटीमागे येऊन स्टुलावर टेकली. जन्मभर बोटं बधिर करणारी पेटी आज कोमट लागत होती. तिने दोन्ही गुडघे पेटीला भिडवले.

"मेले," ती पुटपुटली, "एवढी ऊब धरता येत होती, तर इतकी वर्षं मला गारठवत का बसलीस?"